१८६५० सेल ६० टक्के दाखवतो आणि नोड बंद पडतो – ईएसपी३२ वर बॅटरी लेव्हल नीट कशी मोजायची?

बागेतला_नोड

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतजवळ आमची द्राक्षबाग आहे, तिथे मातीतला ओलावा बघायला एक छोटा नोड (सेन्सर, वायफाय आणि बॅटरीचा डबा) बसवलाय. ईएसपी३२ (वायफायवाली मायक्रोकंट्रोलर चिप) चा साधा ३० पिनवाला डेव्हकिट, कपॅसिटिव्ह सॉइल मॉइश्चर सेन्सर, एक १८६५० (गोल लिथियम आयन) सेल, टीपी४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल (प्रोटेक्शनवालं) आणि ६ व्होल्ट १ वॅटचं सोलर पॅनल. दर १५ मिनिटांनी उठतो, वायफायवरून डेटा पाठवतो, परत डीप स्लीप (गाढ झोप, चिप जवळजवळ बंद). वाफसा आहे की नाही ते घरबसल्या कळतं, ठिबक किती वेळ सोडायचं ते त्यावरून ठरवतो, त्यामुळे हे काम माझ्यासाठी शोभेचं नाहीये, नोड बंद पडला की दोन दिवस अंदाजानेच पाणी द्यावं लागतं.

अडचण बॅटरीच्या आकड्याची आहे. टीपी४०५६ च्या आऊट प्लसवरून १० के – १० के चा डिव्हायडर (व्होल्टेज निम्मं करायला १० किलोओहमचे दोन रेझिस्टर) काढून जीपीआयओ ३५ पिनला दिलाय, कोडमध्ये रॉ रीडिंगला ४०९५ ने भागून ३.३ ने गुणतो, मग दुप्पट, आणि ३.० व्होल्ट म्हणजे ० आणि ४.२ म्हणजे १०० असं सरळ मॅप केलंय. होतं असं की दुपारी ऊन असताना १०० दाखवतं, ऊन गेलं की तासाभरात ८० वर येतं, मग रात्रभर ५८, ६४, ५५, ६१ असं वरखाली नाचत राहतं, आणि ढगाळ हवा असली की ६० च्या आसपास असतानाच नोड गप्प होतो. सेल काढून मीटर लावला तर ३.७ च्या वरच असतो, म्हणजे सेल संपलेला तर नाही. मग बंद का पडतो? आणि खरा आकडा मिळवायचा कसा? फ्युएल गेज आयसी (बॅटरी किती उरली ते सांगणारी चिप) घ्यावी का, की यातच काही होईल?

अजून एक, पॅनल दुपारनंतर वेलीच्या सावलीत जातं, ते हलवणं सध्या शक्य नाही.

करंट_किरकोळ

भाऊ, तुझ्याकडे दोन वेगळे प्रॉब्लेम एकत्र आलेत आणि दोन्ही ६० टक्क्यांवरच भेटतात म्हणून एकच वाटतायत. वेगळे करून बघू.

पहिला आकड्याचा. लिथियम आयनचं व्होल्टेज सरळ रेषेत उतरत नाही. सह्याद्रीतल्या पठारासारखा प्रकार आहे, आधी थोडा उतार, मग लांबच लांब सपाटी, आणि शेवटी एकदम कडा. ४.२ वरून ३.९ पर्यंत बऱ्यापैकी पटकन येतो, मग ३.९ ते ३.७ मध्ये बहुतेक सगळं आयुष्य काढतो आणि ३.६ च्या खाली गेला की धाडकन पडतो. तुझं सरळ मॅपिंग ३.७५ व्होल्टला काय सांगणार? ३.७५ वजा ३ म्हणजे ०.७५, त्याला १.२ ने भाग, ६२ टक्के. प्रत्यक्षात आराम करत असलेला सेल ३.७५ ला असेल तर त्यात २०-२५ टक्केच उरलेले असतात. म्हणजे ६० वर गप्प होतो तेव्हा खरं तर तो शेवटच्या पाव भागात असतो.

पण तरीही पाव भाग शिल्लक आहे ना, मग बंद का? हा दुसरा प्रॉब्लेम, आणि माझ्या मते मोठा. सेलची वायर बोर्डवर कुठे जोडलीस ते लिहिलं नाहीस. व्हीआयएन किंवा ५ व्होल्टच्या पिनला असणार असं धरतो. त्या डेव्हकिटवर बहुतेक वेळा एएमएस१११७ रेग्युलेटर असतो, त्याला आत-बाहेर एक व्होल्टच्या वर फरक लागतो, लोडवर १.१ धर. ३.३ हवे असतील तर आत ४.४ पाहिजेत आणि आपला सेल तर फुल चार्जलाही ४.२! म्हणजे तुझी चिप पहिल्या दिवसापासून ३.३ च्या खालीच चालतेय. सेल ३.७५ ला आला, वायफाय सुरू होताना करंटचा झटका बसला, सेल अजून थोडा वाकला, बाहेर २.५ च्या आसपास पोचलं की ब्राउनआऊट डिटेक्टर चिपला रीसेट करतो. उठली की परत वायफाय, परत रीसेट, हे चक्र चालू राहतं आणि उरलेला सेल त्यातच जातो.

एक काम कर, यूएसबी न लावता, सेलवर चालू असताना ३व्ही३ (३.३ व्होल्टच्या) पिनवर मीटर लाव आणि किती येतं ते सांग. यूएसबी लावलीस तर ५ व्होल्ट तिकडून येतात आणि सगळं छान दिसतं, म्हणून टेबलावर हा प्रॉब्लेम कधी सापडतच नाही. सिरियल लॉग बघायचाच असेल तर यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टरची फक्त आरएक्स-टीएक्स आणि ग्राउंड जोड, ५ व्होल्टची वायर सोडून दे. ब्राउनआऊटचा मेसेज सरळ छापून येतो.

लॅबचे_सर

विषय चांगला निघालाय म्हणून मध्येच विचारतो, नवीन धागा काढत नाही. आमच्या शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये मुलांनी आर्डुइनो प्रो मिनी वापरून एक रोबोट केलाय, एका सेलवर, सेल थेट व्हीसीसीला (चिपच्या पॉवर पिनला). त्यांनीही असाच डिव्हायडर लावलाय, दोन सारखे रेझिस्टर, पण रीडिंग कायम ५११-५१२ येतं. सेल भरलेला असो की उतरलेला, आकडा ढिम्म हलत नाही. मुलं म्हणतात सर पिन जळाली. पिन बदलून पाहिली, तेच. काय असेल?

बागेतला_नोड

@करंट_किरकोळ दादा, हो, व्हीआयएनलाच जोडलाय. मोजलं. सेल ३.७८, ३व्ही३ पिनवर २.७ च्या आसपास, आणि वायफाय सुरू होताना मीटरचा आकडा खाली झुकतो पण मीटर स्लो आहे त्यामुळे नेमका कुठपर्यंत जातो ते दिसत नाही. लॉगमध्ये ब्राउनआऊट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड अशी ओळ एकामागून एक येतेय. म्हणजे तुम्ही म्हणताय तेच.

मग रेग्युलेटर कोणता घेऊ? आणि सेल सरळ ३व्ही३ पिनला दिला तर?

करंट_किरकोळ

सेल सरळ ३व्ही३ ला अजिबात देऊ नकोस, ईएसपी३२ ला जास्तीत जास्त ३.६ चालतात आणि भरलेला सेल ४.२ चा, चिप जाईल.

कमी ड्रॉपआऊटचा (आत-बाहेर थोडाच फरक लागणारा) आणि स्वतः कमी खाणारा रेग्युलेटर, म्हणजे एलडीओ हवा. एचटी७८३३ बघ, ५०० मिलिअँपपर्यंत देतो आणि स्वतः काही मायक्रोअँपच खातो. एचटी७३३३ नावाने जवळचाच भाऊ मिळतो पण तो २५० मिलिअँपचा, वायफायच्या झटक्याला काठावर पडतो, तोच मिळाला तर ३.३ च्या लाइनवर ४७० मायक्रोफॅरडचा लो ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर चिपच्या जवळ लाव. खरं तर कोणताही रेग्युलेटर घेतलास तरी हा कपॅसिटर लावच.

आणि आता जरा हिशोब, कारण यात बॅटरी लेव्हलपेक्षा मोठी गोष्ट लपलीये. डीप स्लीपमध्ये ईएसपी३२ ची चिप एकटी १० मायक्रोअँपच्या घरात असते. पण डेव्हकिटवर एएमएस१११७ स्वतःच ५ मिलिअँपच्या आसपास खातो, पॉवरचा लाल एलईडी सतत जळतो, यूएसबी-सिरियल चिप जागी असते, सेन्सरला पॉवर चालूच ठेवली असशील तर तो वेगळा. सगळं मिळून १० मिलिअँप धर, २४ तासाचे २४० एमएएच. आता तुझं खरं काम किती खातं बघ: १५ मिनिटांनी एकदा, ४ सेकंद जागा, सरासरी १२० मिलिअँप, दिवसाला ९६ वेळा, हे झाले १३ एमएएच. म्हणजे काम करायला १३ आणि झोपायला २४०! २६०० एमएएचचा सेल चार्जिंगशिवाय दहा दिवसही धड काढणार नाही. तेच नुसतं ईएसपी३२ चं मॉड्यूल, चांगला एलडीओ आणि सेन्सरची पॉवर एका पिनवरून चालू-बंद असं केलंस तर झोपेचा खर्च दिवसाला अर्धा एमएएच, एकूण १४ च्या आत, तोच सेल पाच महिने. मग पॅनल सावलीत आहे हा प्रश्नच उरत नाही.

तुझा १० के चा डिव्हायडरही त्यात हातभार लावतो, ४.२ ला २१० मायक्रोअँप, दिवसाला ५ एमएएच. कामाच्या खर्चाच्या एक तृतीयांशाहून जास्त नुसता मोजायला.

@लॅबचे_सर पिन जळलेली नाही, मुलांना सांगा जोडणी बरोबर आहे. आर्डुइनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) मोजताना तुलना करतो ती व्हीसीसीशी. सेल उतरला की डिव्हायडरचा मध्यही उतरतो आणि व्हीसीसीही तेवढ्याच प्रमाणात उतरतो, निम्म्याचं निम्मंच राहतं, म्हणून ५११. मोजपट्टीच आखूड होत चाललीये.

यावर एक सुंदर उपाय आहे आणि त्याला डिव्हायडरसुद्धा लागत नाही. एटीमेगा३२८ (प्रो मिनीवरची चिप) च्या आत १.१ व्होल्टचा एक स्थिर रेफरन्स असतो. उलटं करायचं, व्हीसीसीला रेफरन्स ठेवायचं आणि त्या १.१ लाच मोजायचं. व्हीसीसी जेवढं कमी तेवढा आकडा मोठा येतो: ४.२ ला साधारण २६८, ३.३ ला ३४१. ११२५३०० ला त्या आकड्याने भागलं की व्हीसीसी मिलिव्होल्टमध्ये मिळतं, ही संख्या म्हणजे १.१ गुणिले १०२३ गुणिले १०००. चॅनल बदलल्यावर दोनेक मिलिसेकंद थांबायचं आणि पहिलं रीडिंग टाकून द्यायचं. तो १.१ प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, डेटाशीटप्रमाणे १.० ते १.२ मध्ये कुठेही, म्हणून एकदा मीटरने व्हीसीसी मोजून त्या बोर्डापुरता आकडा दुरुस्त करून घ्यायचा. प्रो मिनी ८ मेगाहर्ट्झवाला आहे ना तेवढं बघा, १६ वाला सेल ३.८ च्या खाली गेला की डेटाशीटच्या मर्यादेबाहेर चालतो.

फर्मवेअर_स्नेहा

करंटदादांनी पॉवरचं सगळं सांगितलंय त्यामुळे मी फक्त मोजण्याबद्दल लिहिते, रोजचं काम हेच आहे.

आधी रेझिस्टर. १० के खूप लहान, पण उत्साहात १ मेग – १ मेग पण लावू नकोस. ईएसपी३२ च्या पिनचा लीकेज करंट डेटाशीटमध्ये ५० नॅनोअँपपर्यंत दिलाय, दोन १ मेगचा डिव्हायडर पिनला ५०० के सारखा दिसतो, म्हणजे २५ मिलिव्होल्टची चूक, दुप्पट केल्यावर ५०. आणि आत्ताच दादांनी सांगितलं की सगळी सपाटी ०.२ व्होल्टमध्ये आहे, तिथे ५० मिलिव्होल्ट म्हणजे फार झाले. २२० के – २२० के लाव, १ टक्क्याचे मेटल फिल्म. करंट साडेनऊ मायक्रोअँप, वर्षाला ८० च्या आसपास एमएएच, याच्यापेक्षा जास्त तर सेल नुसता ठेवून उतरतो. खालच्या रेझिस्टरला समांतर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लाव, तो नसेल तर एडीसी सॅम्पल घेताना डिव्हायडरचं व्होल्टेज खाली ओढतो आणि रीडिंग नाचतं.

मॉसफेटने डिव्हायडर बंद करायचे सर्किट नेटवर खूप दिसतात. एवढ्या करंटसाठी त्याची गरज नाही, आणि करायचंच असेल तर खालच्या बाजूला, म्हणजे ग्राउंडकडे स्विच टाकू नये. स्विच बंद झाला की खालचा रस्ता तुटतो आणि वरच्या रेझिस्टरमधून सेलचं पूर्ण ४.२ पिनवर येऊन बसतं. स्विच वरच्या बाजूलाच हवा, पी-चॅनल मॉसफेट आणि त्याला चालवायला एक छोटा एन-चॅनल.

आता एडीसी. ४०९५ ने भागून ३.३ ने गुणणं सोडून दे. ईएसपी३२ चा एडीसी सरळ नाही, वरच्या आणि खालच्या टोकाला वाकतो, आणि त्याचा आतला रेफरन्स चिपगणिक १००० ते १२०० मिलिव्होल्टमध्ये कुठेही असतो. पण कारखान्यात चिपच्या ईफ्यूजमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत) कॅलिब्रेशन लिहून ठेवलेलं असतं, आर्डुइनोमध्ये अॅनालॉगरीडमिलिव्होल्ट्स हे फंक्शन ते वापरून थेट मिलिव्होल्ट देतं. ११ डीबी अटेन्युएशनला (आत येणारं व्होल्टेज कमी करायच्या सेटिंगला) साधारण १५० ते २४५० मिलिव्होल्ट हा भरवशाचा पट्टा आहे आणि आपलं ४.२ चं निम्मं २.१, छान आत बसतं. पिन ३५ बरोबर निवडलीस, ३२ ते ३९ या एडीसी१ च्या पिना वायफायसोबत चालतात, एडीसी२ च्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत.

सगळं झाल्यावर एकदा मीटरने सेलच्या टोकांवर मोज आणि कोडमधला गुणक जुळवून घे. मीटर डिव्हायडरच्या मधोमध लावू नकोस, मीटर स्वतः १० मेगचा असतो, २२० के च्या डिव्हायडरला तोही एक टक्का खाली ओढतो, मग आपण चुकीच्या आकड्याशी जुळवत बसतो.

पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो कधी मोजतो याने. तू बहुतेक डेटा पाठवायच्या आधी, वायफाय जोडल्यावर मोजतोस, म्हणून ५८-६४-५५. त्या वेळी सेलमधून १०० ते ३०० मिलिअँप असा वरखाली करंट चालू असतो आणि सेलच्या आतल्या रेझिस्टन्समुळे व्होल्टेज तेवढं दबतं. उठल्या उठल्या, वायफायचं नाव काढायच्या आधी, १६-२० रीडिंग घे, त्यांचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) काढ, व्हेरिएबलमध्ये ठेव, मग वायफाय. १५ मिनिटं झोपून उठलेला सेल जवळजवळ आराम केलेलाच असतो, याहून चांगली वेळ मिळत नाही.

दुपारचा १०० पण त्यातलाच. चार्जिंग चालू असताना चार्जर व्होल्टेज वर ढकलतो, तो सेलचा आकडा नसतो, चार्जरचा असतो. टीपी४०५६ च्या चार्जिंग एलईडीची पिन एका जीपीआयओला घेऊन चार्जिंग चालू आहे का ते वाचता येतं, पण शेतातल्या नोडला मी आणखी सोपं करेन: रोजचा खरा आकडा म्हणून पहाटे ४-५ चं रीडिंग धर. ऊन जाऊन दहा तास झालेले, लोड नाही, सेल शांत. आजच्या पहाटेचं आणि कालच्या पहाटेचं यातला फरक म्हणजे पॅनलने खर्च भरून काढला की नाही याचं सरळ उत्तर. दिवसभराचा ग्राफ बघून जे कळत नाही ते या दोन आकड्यांवरून कळतं.

टक्केच हवे असतील तर सरळ रेषेऐवजी टेबल ठेव आणि मधल्या आकड्यांसाठी दोन ओळींमध्ये इंटरपोलेट कर. आराम केलेल्या साध्या लिथियम आयनसाठी साधारण असं: ४.२० ला १००, ४.०६ ला ९०, ३.९८ ला ८०, ३.९२ ला ७०, ३.८७ ला ६०, ३.८२ ला ५०, ३.७९ ला ४०, ३.७७ ला ३०, ३.७४ ला २०, ३.६८ ला १०, ३.४५ ला ५. हे बघ, ४० ते २० मध्ये फक्त ५० मिलिव्होल्ट आहेत! म्हणून मधल्या भागात टक्क्यांवर दहा-पंधराची चूक धरूनच चाल, कितीही रीडिंग घेतलीस तरी.

बागेतला_नोड

ताई, खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. पहाटेच्या रीडिंगची कल्पना तर एकदम पटली. एक शंका, मधल्या भागात दहा-पंधराची चूक राहणारच असेल तर मग फ्युएल गेज घ्यावा का? मॅक्स१७०४८ चं मॉड्यूल ऑनलाइन दिसतंय. एका मित्राने आयएनए२१९ लावून करंट मोजून बेरीज-वजाबाकी कर असं सुचवलंय.

तीन_फेज

मॅक्स१७०४८ मी वापरतो आणि मला तो आवडतो. शंट (करंट मोजायला वाटेत लावलेला छोटा रेझिस्टर) लागत नाही, थेट सेलवर बसतो, आयटूसीवर (दोन वायरींच्या डेटा जोडणीवर) ०एक्स३६ या पत्त्यावर बोलतो, व्होल्टेज आणि टक्के दोन्ही देतो. नुसतं टेबल नाही, आत सेलचं मॉडेल चालतं, व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतंय त्यावरून लोडचा परिणाम काढून टाकतो, म्हणून वायफाय चालू असतानाही आकडा फार उडत नाही. २३ मायक्रोअँप खातो, हायबरनेटमध्ये त्याहून बराच कमी. तो सेलला कायम जोडलेला हवा, प्रत्येक वेळी पॉवर काढून परत दिलीस तर तो पहिल्यापासून अंदाज करायला लागतो आणि नेमकं त्या क्षणी लोड असेल तर सुरुवातच चुकते. घरातलं पोर्टेबल उपकरण, ज्यावर माणूस टक्के बघून चार्जर शोधणार, तिथे हाच घ्यावा.

आयएनए२१९ तुझ्या कामाला नको. मॉड्यूलवर ०.१ ओहमचा शंट असतो, सगळ्यात लहान पायरी १० मायक्रोव्होल्टची, म्हणजे १०० मायक्रोअँप. तुझा नोड दिवसाचे २३ तास ५० मिनिटं २० मायक्रोअँपवर झोपणार, ते त्याला दिसणारच नाही, शून्य किंवा एक पायरी दाखवेल. ती एक पायरी चुकीची लागली तरी दिवसाला २.४ एमएएच, आणि बेरजेत चूक साठत जाते, महिन्याने आकडा कुठच्या कुठे. शिवाय मोजायला तो जागा ठेवला की स्वतःच मिलिअँपच्या घरात खातो. जिथे सतत मोठा करंट वाहतो, ई-सायकल, इन्व्हर्टर, रोबोट, तिथे करंट मोजून बेरीज करायला अर्थ आहे, तिथेही अधूनमधून फुल चार्जला आकडा १०० वर आणून बसवावाच लागतो.

फर्मवेअर_स्नेहा

@तीन_फेज शी सहमत, फक्त बागेतल्या नोडला मॅक्स१७०४८ सुद्धा मी लावणार नाही. टक्के कोण बघणार? तुला हवंय ते एवढंच, की नोड बंद पडायच्या आधी कळलं पाहिजे आणि सेल खराब होता कामा नये. त्याला व्होल्टेजच्या तीन पायऱ्या पुरतात, नवीन रेग्युलेटर लावल्यावर अशा धर:

३.७० च्या खाली गेला की १५ मिनिटांऐवजी तासाने उठायचं. ३.५५ च्या खाली, फोनवर सेल बदला असा मेसेज आणि दिवसातून दोनदाच उठायचं. ३.४० च्या खाली, वायफाय चालूच करायचं नाही, व्होल्टेज बघायचं आणि परत झोपायचं. वर येताना प्रत्येक पायरीला ०.१ व्होल्ट जास्त लागेल असं ठेव, म्हणजे ३.७० ला खाली गेलेला नोड ३.८० झाल्यावरच परत १५ मिनिटांवर येईल, नाहीतर काठावर असताना सारखा इकडून तिकडे उड्या मारेल. कोणत्या पायरीवर आहोत ते आरटीसी मेमरीत ठेव, डीप स्लीपमध्ये तेवढीच टिकते.

टीपी४०५६ वरची प्रोटेक्शन आयसी आहे ना मग कशाला, असं वाटेल. ती डीडब्ल्यू०१ साधारण २.४ व्होल्टला तोडते. ते आग लागू नये म्हणून आहे, सेलचं आयुष्य वाढावं म्हणून नाही. दोन-चार वेळा २.४ पर्यंत गेलेला सेल पूर्वीसारखा राहत नाही. आपला कोड त्याच्या खूप आधी थांबला पाहिजे.

सांगोला_सोलर

उन्हातल्या डब्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे डाळिंबात असे नोड आहेत. बंद डबा उन्हात ठेवला की आत बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि ४५ डिग्रीच्या वर लिथियम आयन चार्ज करू नये. टीपी४०५६ ला तापमान बघायची पिन आहे पण या स्वस्त मॉड्यूलवर ती ग्राउंडला जोडून टाकलेली असते, म्हणजे सेल कितीही तापला तरी चार्जिंग चालूच. डबा पांढरा घ्या, पॅनलच्या मागच्या सावलीत लावा, खालून भोकं ठेवा, भोकांना जाळी. निफाड भागात थंडीत पारा पाच-सहाच्या खाली जातो तेव्हा उलटं होतं, सेलचं आतलं रेझिस्टन्स वाढतं आणि पहाटे तोच सेल वायफायच्या झटक्याला जास्त वाकतो. म्हणून थंडीत वर सांगितलेल्या व्होल्टेजच्या पायऱ्या ०.०५ ने वाढवून ठेवा.

मी स्वतः सगळीकडे एलएफपीवर (लिथियम आयर्न फॉस्फेट सेलवर) गेलो, सोलर स्ट्रीटलाइटमध्ये येतात ते ३२६५० किंवा ३२७०० साइजचे ३.२ व्होल्टचे. उष्णता चांगली सहन करतात, वर्षानुवर्षं चालतात. पण चार्जर वेगळा लागतो, ३.६ वर थांबणारा, टीपी४०५६ त्याला चालत नाही. आणि लेव्हल मोजायच्या बाबतीत तो लिथियम आयनपेक्षा अवघड, ३.३ ते ३.२ मध्येच जवळजवळ सगळा चार्ज असतो, व्होल्टेजवरून टक्के काढायचा नादच सोडायचा. भरलाय, मध्ये आहे, संपत आलाय, एवढंच कळतं. मला तेवढं पुरतं.

आणि सेल घेताना ९९०० एमएएच असं छापलेला १८६५० दिसला तर घेऊ नका. चांगल्यातला चांगला १८६५० साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. वजन करून बघा, खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, हलका लागला तर आत फार काही नसतं.

लॅबचे_सर

@करंट_किरकोळ सर, मुलांनी आतल्या १.१ वाली पद्धत केली, आकडा हलायला लागला! एका मुलीने दोन बोर्डांवर तोच कोड टाकून पाहिला, दोन्हीकडे वेगळं व्होल्टेज आलं, मग तिने स्वतःच मीटरने जुळवून दोन्ही बोर्डांवर आपापला आकडा लिहिला. प्रो मिनी ८ मेगाहर्ट्झचाच आहे. मोटर चालू झाली की आकडा खाली जातो, ते सेल वाकतो म्हणूनच ना?

करंट_किरकोळ

हो सर, अगदी तेच. मोटर बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळेचं व्होल्टेज मुलांना लिहून काढायला सांगा, फरकाला मोटरच्या करंटने भागलं की सेलचा आणि वायरींचा मिळून आतला रेझिस्टन्स मिळतो. जुन्या आणि नव्या सेलवर करून बघा, जुन्या सेलचा जास्त येईल. सेल टाकायला झालाय का हे ओळखायची ती चांगली पद्धत आहे, एमएएच मोजत बसण्यापेक्षा लवकर होते.

बागेतला_नोड

सगळ्यांचे मनापासून आभार. डेव्हकिट काढून नुसतं मॉड्यूल ब्रेकआऊट बोर्डवर सोल्डर केलंय, एचटी७८३३, ४७० मायक्रोफॅरड, २२० के ची जोडी, १०० नॅनोफॅरड, सेन्सरची पॉवर जीपीआयओ २५ वरून. सेल ३.७२ वर असतानाही वायफाय पहिल्या झटक्यात जोडलं जातंय, ३.३ च्या पिनवर ३.२८ टिकून आहे. पहाटेचं रीडिंग वेगळ्या कॉलममध्ये टाकायला सुरुवात केलीये, ढगाळ हवेत कालपेक्षा आज फक्त ४ मिलिव्होल्ट कमी दिसलं.

शेवटचं एक, टीपी४०५६ वर डिव्हायडर बी प्लसवरून घेऊ की आऊट प्लसवरून? मोजायला काही फरक?

फर्मवेअर_स्नेहा

बी प्लस आणि आऊट प्लस आतून एकच आहेत, प्रोटेक्शनचे मॉसफेट मायनसच्या बाजूला असतात. प्लस कुठूनही घे, डिव्हायडरचं ग्राउंड मात्र ईएसपीच्या ग्राउंडलाच, म्हणजे आऊट मायनसला, बी मायनसला नको, नाहीतर प्रोटेक्शनने तोडल्यावर डिव्हायडर आणि पिनमधून मागच्या दाराने करंट जायला रस्ता मिळतो. आणि सेलच्या होल्डरची स्प्रिंग बघ, दमट हवेत गंजली की तिथेच ५०-१०० मिलिव्होल्ट खाल्ले जातात, टॅब वेल्ड केलेला सेल मिळाला तर थेट वायर सोल्डर कर.